अंगणवाडीची इमारत आणि बाईचा दिवस



गेल्या पावसाळ्यात एका गावात महिला मंडळाच्या बैठकीला गेले होते. गावात नवी अंगणवाडी बांधून झाली होती. सरपंचबाईंनी मोठ्या कौतुकाने ती दाखवली. पक्की भिंत, वर स्लॅब, बाहेर फुलपाखरे आणि मुळाक्षरे रंगवलेली, दारापाशी कोनशिला, तिच्यावर सगळ्या मान्यवरांची नावे. आतापर्यंत अंगणवाडी मारुतीच्या देवळात भरत होती, म्हणून या इमारतीसाठी बायकांनीच दोन वर्षे निवेदने दिली होती. त्यामुळे बैठकही तिथेच घ्यायची असे ठरले.

बैठक सुरू व्हायला संध्याकाळचे सात वाजले, कारण त्याआधी बाया खुरपणीवरून परतलेल्याच नव्हत्या. बोलणे इमारतीवर आले तेव्हा मागे बसलेली एक तरुण बाई म्हणाली, "ताई, इमारत चांगलीच झाली. पण तिला दुपारी कुलूप लागतं आणि आम्ही येतो दिवस मावळताना. मधल्या वेळात लेकरू कुणाकडं द्यायचं?"

कुणीच काही बोलले नाही. उत्तर बाहेर ओट्यावर बसले होते. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन आईची वाट पाहत होती. शाळेच्या पटावर तिचे नाव आहे. ती चौथीत आहे. हंगामात मात्र ती आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत जाते. तिच्या धाकट्या भावाला अंगणवाडीत बसवून घेत नाहीत, कारण तो तीन वर्षांचा नाही. घरी नेण्यासाठी त्याच्या नावाने आहाराचे पाकीट मात्र मिळते.

या एका ओट्यावर आपला सगळा प्रश्न बसलेला होता. गावोगाव शाळांना आणि अंगणवाड्यांना नव्या इमारती मिळत आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण हा पैसा कशावर खर्च होतो, कोणाला विचारून होतो आणि बाईच्या दिवसाचा हिशेब त्यात धरलेला असतो का, हे आपण विचारले पाहिजे.

योजना कुठून आली

अंगणवाडी ही कल्पना सरकारी कचेरीत जन्मलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. बालवाडीच्या ठरलेल्या खोलीत मुले येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना दिसले की मुले गुरे राखायला जातात. तेव्हा शाळा कुरणात गेली. साधने शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशी जवळपास मिळणारी होती. मुलाचा आणि त्याच्या घराचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचे आणि मग शाळा कशी असावी ते ठरवायचे, ही त्यामागची रीत होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. आपल्याकडे मेळघाटातील धारणीचा त्यात समावेश होता. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आईला पोषण-आरोग्याचे शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात आहेत. यादी नीट वाचा. मुलाला दिवसभर सांभाळणे हे तिच्यात नाही. आई घरीच असते, मूल तिच्यापाशीच असते आणि तिला फक्त शिकवायचे, समजावायचे असते, असे योजनेने मनाशी धरलेले आहे. खेड्यातली शेतमजूर बाई या चित्रात कधी नव्हतीच.

योजना देशभर पसरली तीही आपोआप नाही. अन्नाच्या हक्कासाठी २००१ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत न्यायालयाने प्रत्येक वस्तीला अंगणवाडी हवी असे म्हटले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात २००८ संपेपर्यंत १४ लाख केंद्रे सुरू करा असे सांगितले. शिवाय सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत केंद्र सुरू करायचे, असेही त्यात होते. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पण मागणी करून अंगणवाडी मिळवण्याचा हा हक्क आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? जिथे शिबिर घेते तिथे हे विचारते. फार हात वर येत नाहीत.

भिंतीचा हिशेब सोपा असतो

गेल्या काही वर्षांत बांधकामावर बराच जोर आहे. २०२१ नंतर 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' या नावाखाली देशातील दोन लाख अंगणवाड्या सुधारण्याचे ठरले. नवी इमारत रोजगार हमी, पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आणि महिला व बालविकास खात्याचा पैसा एकत्र करून बांधायची, अशी सोय करण्यात आली. शाळांसाठी २०२२ साली 'पीएम श्री' योजनेत देशभरातील १४,५०० निवडक शाळा आदर्श करण्याला मंजुरी मिळाली.

इमारत नकोच, असे कोणी म्हणू नये. देवळात भरणाऱ्या अंगणवाडीत दलित वस्तीतले मूल किती मोकळेपणाने येते, पाळीच्या दिवसांत सेविकेला काय ऐकावे लागते, हे आपण पाहिले आहे. समाजमंदिरात लग्न असले की मुलांना सुट्टी. भाड्याच्या खोलीत धान्याची पोती आणि मुले एकत्र. स्वतःची जागा, पाणी, लहान मुलांना बसता येईल असे संडास आणि स्वयंपाकाला वेगळी खोली ही चैन नव्हे.

पण इमारतीचा नारळ फोडता येतो, कोनशिला बसवता येते, ठेकेदाराचे बिल निघते. अंगणवाडी आणखी चार तास उघडी ठेवली तर त्याचे उद्घाटन कोणाच्या हस्ते करणार? मदतनिसाचा पगार वाढवला तर त्याचा फोटो कसा काढणार? म्हणून बांधकामाला पैसा सापडतो आणि माणसाला सापडत नाही. एका मुलाच्या रोजच्या आहारासाठी २०१७ साली ८ रुपयांचा दर ठरला. नंतर डाळ, तेल, गॅस सगळे महागले आणि दर मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहिला. भिंतीवर गाजर, पालक, अंडे रंगवलेले असते आणि ताटात खिचडी असते.

इमारत कुठे बांधली हेही पाहावे लागते. जागा बहुधा गावठाणात मिळते किंवा कोणी देईल तिथे. पाड्यावरचे, तांड्यावरचे, वेशीबाहेरच्या वस्तीतले तीन वर्षांचे मूल ओढा आणि डांबरी रस्ता ओलांडून एकटे येऊ शकत नाही. त्याला पोचवायला आणि आणायला कोणीतरी लागते. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आजी नाहीतर मोठी बहीण. केंद्र कागदावर सगळ्या गावासाठी असते, पण ते खरोखर कोणाला मिळणार हे जागा निवडतानाच ठरून जाते.

तीन वर्षांखालचे मूल कुठे आहे

आपल्या कायद्यांत लहान मूल सारखे मागे ढकलले गेले आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालच्यांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा असे मार्गदर्शक तत्त्व उरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयोगटासाठी सरकार सोय करू शकेल, इतकेच म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत टप्प्यात घेतले, हे पाऊल पुढचे आहे. पण तीनच्या आतले मूल अजूनही आईचे खासगी काम समजले जाते. मेंदूची आणि शरीराची सर्वांत वेगाने वाढ याच वयात होते, हे सगळेच अधिकारी भाषणात सांगतात. कुपोषणही याच वयात मुळे धरते. सहा महिन्यांनंतर मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. आई बांधावर असताना ते कोण भरवणार? तिला पोषणाचे कितीही तक्ते दाखवले तरी दुपारी बारा वाजता ती शेतात असते.

पाळणाघराचा विचार सरकारला सुचलाच नाही असेही नाही. आपल्या राज्याच्या रोजगार हमी कायद्याने आणि नंतर २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामावरील मुलांच्या सांभाळाची जबाबदारी मान्य केली होती. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले कामावर आली तर एका बाईला त्यांच्यासाठी नेमून तिला पूर्ण मजुरी द्यावी, असे केंद्रीय कायद्यात होते. किती कामांवर ते झाले ते तुम्हीच आठवून पाहा. २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. २०१७ मध्ये केंद्राने आपला वाटा कमी केला आणि बरीच पाळणाघरे बंद पडली. २०२२ नंतर 'पाळणा' या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे ठरले. देशभरात १७,००० केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले गेले. देशात अंगणवाड्या जवळजवळ १४ लाख आहेत. म्हणजे शंभरात सव्वा.

हे जमणारे काम आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेशेस'चे काम सुरू केले आणि ते आजही चालू आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगाने आदिवासी गावांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'फुलवारी' चालवली. गावातल्याच बाया मुलांना सांभाळतात, दिवसातून अनेकदा खाऊ घालतात आणि आई निर्धास्त मजुरीला जाते. तिथे आधी इमारत आली नाही, आधी माणूस आले.

सांभाळणारीला कोण सांभाळते

अंगणवाडी म्हणजे शेवटी दोन बाया, एक सेविका आणि एक मदतनीस. लसीकरणाच्या दिवशी बाळांना गोळा करणे, वजन-उंची घेणे, गरोदर बाईच्या घरी जाणे, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, आणि उरलेल्या वेळात चाळीस मुलांना शिकवणे. मुलांची माहिती भरायला मोबाईल दिले. ॲप इंग्रजीतून आणि मोबाईल सारखा बंद पडणारा, म्हणून २०२१ साली आपल्या राज्यातल्या सेविकांनी हजारो मोबाईल परत केले. हातात तंत्र द्यायचे आणि भाषा द्यायची नाही, याला काय म्हणावे?

या कामाला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. म्हणजे ही नोकरी नाही, सेवा आहे. केंद्र सरकारने २०१८ साली सेविकेसाठी दरमहा ४,५०० आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये ठरवले. राज्याने भर घातल्यावर २०२३ मध्ये ते अनुक्रमे १०,००० आणि ५,५०० झाले. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि पन्नासच्या आसपास दिवस थंडीत रस्त्यावर राहिल्या. त्यानंतर २०२४ मध्ये पुन्हा काही वाढ पदरात पडली. त्याआधी मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवा कायदा लावला होता. विरोध झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. म्हणजे पगार मागितला की तुम्ही मानसेवी आणि संप केला की तुम्ही अत्यावश्यक! २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका खटल्यात अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, तेव्हा कुठे निवृत्तीनंतरच्या प्रश्नाला तोंड फुटले.

इथे एक अवघड गोष्ट आपण आपल्यातच बोलली पाहिजे. अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवा, ही मागणी आपण केली की तो बोजा पडतो सेविकेवर. तीही बाईच आहे, तिलाही घर आहे. एका बाईच्या सोयीसाठी दुसरीला राबवणे ही आपली मागणी असू शकत नाही. म्हणून वेळ वाढवा म्हणताना त्याच वाक्यात म्हणायचे की पाळणाघरासाठी वेगळी कार्यकर्ती नेमा आणि सेविकेला कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेतन द्या. या दोन मागण्या वेगळ्या मांडल्या तर सरकार एकीला दुसरीविरुद्ध उभे करील. मजूर बाई म्हणेल सेविका कामचुकार, सेविका म्हणेल आयांना पोरांची फिकीर नाही. हे भांडण मी गावात ऐकले आहे आणि ते लावून देणारा कुणीही त्या खोलीत नव्हता.

अंगणवाडीनंतर शाळा

एका हाताने शाळा सुंदर होत आहेत आणि दुसऱ्या हाताने लहान शाळांवर टाच येते आहे. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर आहेत. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करण्याचे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवली गेली.

या म्हणण्यात तथ्यच नाही असे नाही. चार वर्गांना एक शिक्षक, सोबतीला खेळायला मूल नाही, ग्रंथालय नाही, अशा शाळेत शिकणे कठीण असते. एकत्र शाळेत चांगली प्रयोगशाळा, मैदान, विषयवार शिक्षक मिळू शकतात. पण त्याची किंमत अंतराने चुकवावी लागते आणि अंतराची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. शिक्षण हक्काच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले ते उगीच नाही. गाडी एक दिवस आली नाही तर मुलगा कोणाच्या तरी सायकलवर मागे बसून जातो. मुलगी घरी राहते. असे चार वेळा झाले की वडील म्हणतात, बस झाले आता. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांत मुलींसाठी एसटीच्या बसगाड्या आणि सायकली दिल्या गेल्या, त्यातून असंख्य मुली दहावीच्या पुढे गेल्या. म्हणजे वाहतुकीवरचा खर्च हा शिक्षणावरचाच खर्च आहे, हे सरकारलाही कळते. मग शाळा हलवताना ही सोय आधी करून दाखवावी.

सुरुवातीला सांगितलेली ओट्यावरची मुलगी इथे पुन्हा आठवते. तिची शाळा तिच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे, नवे रंगकाम झालेली आहे. तरी ती शाळेत नाही, कारण तिच्या भावाला पाळणाघर नाही. सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींसाठी शाळेचे दार उघडले. दार उघडे असूनही मुलगी बाहेर का राहते, याचे उत्तर कधी कधी शाळेत नसतेच, ते शेजारच्या अंगणवाडीच्या कुलपात असते. मुलींच्या गळतीवर खर्च करणारे खाते एक, अंगणवाडी चालवणारे खाते दुसरे, म्हणून हा साधा धागा कुणाच्याच फायलीत सापडत नाही.

आपण काय करायचे

निवेदन देऊन आपले काम संपत नाही. पैसा कुठून येतो आणि कुठे अडवता येतो हे कळले तर गावातल्या बायाही त्याचा हिशेब मागू शकतात.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते सतरंज्या, कुकर आणि शिलाई मशीनवर जातात की पाळणाघराच्या बाईच्या मजुरीवर, हे आपण ठरवू शकतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती फक्त सह्यांच्या वहीत होत असेल तर प्रत्यक्ष घ्यायला लावू. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या सदस्यबाईंना ठरावाचा मसुदा लिहून देणे हे संघटनेचे काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळा हलवण्याचा विषय आला तर त्या समितीचे म्हणणे लेखी नोंदवून घ्या. वस्तीत चाळीस मुले भरत असतील तर अंगणवाडीची मागणी नावांच्या यादीसह द्या आणि पोच घ्या.

आणि एक पाहणी प्रत्येक गटाने आपल्या गावात करावी, अशी आमची विनंती आहे. फार अवघड नाही. अंगणवाडी किती वाजता उघडते आणि बंद होते? हंगामात बाया किती वाजता जातात आणि येतात? त्या मधल्या तासांत तीन वर्षांखालचे प्रत्येक मूल कोणापाशी असते? जे सांभाळते त्याचे वय किती आणि ते मूल त्या वेळी खरे तर कुठे असायला हवे? बाप घरी असेल तर तो मुलाला घेतो का, हाही प्रश्न विचारा. बायका आधी हसतील, मग बोलू लागतील. मूल हे फक्त आईचे काम आहे असे सरकारनेच मानले आहे असे नाही, आपल्या घरांनीही ते मानले आहे. पाळणाघर मागताना बापाला सूट द्यायची नाही.

या पाहण्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्या एकत्र छापू आणि तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांपुढे ठेवू. आकडे आपले असले की अधिकाऱ्यांना 'बघू' म्हणणे जड जाते.

त्या गावात बैठक संपता संपता बायांनी एक ठरवले. सोयाबीनच्या काढणीपर्यंत दोन महिने आळीपाळीने एकीने मागे राहायचे, मुले सांभाळायची आणि बाकीच्यांनी तिची मजुरी भरून द्यायची. इमारत आहेच, दुपारनंतर किल्ली मिळावी म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा. अर्ज त्याच रात्री लिहिला, अंगठे आणि सह्या मिळून एकतीस झाल्या. किल्ली मिळायला तीन आठवडे लागले. दोन महिने ते चालले आणि मग थांबले, कारण मजूर बाईने आपल्याच मजुरीतून दुसऱ्या मजूर बाईला पोसायचे हे फार दिवस चालू शकत नाही. पण त्या दोन महिन्यांत ती चौथीतली मुलगी रोज शाळेत गेली. तिच्या बाईंनी हजेरीपट दाखवला तेव्हा त्यात एकही फुली नव्हती.

बायांनी पदरमोड करून दोन महिने चालवून दाखवले. आता ते बारा महिने चालवणे सरकारचे काम आहे.